एक कमी केला, चार घेतले होते

गेल्या अंकातल्या माझ्या लेखात एक वाक्य होतं : कर वाढले की रोजगार घटतोच असं नाही आणि सरकारने खर्च वाढवला की रोजगार वाढतोच असंही नाही. लेखातल्या बाकी कशाहीपेक्षा या एका वाक्यावर जास्त पत्रं आली. काही बरीच रागावलेली आहेत. त्यांतली पाच इथे घेते. दोघांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच देत नाही. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, तुम्ही कधी कुणाला पगार दिलाय का? माझा पंपांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी आठ कामगार होते. पाणीयोजनांच्या ऑर्डरी आल्या तेव्हा चार वाढवले. यंदा कर वाढला. एक टर्नर सोडून गेला, त्याची जागा मी भरली नाही. हा रोजगार करामुळेच गेला ना? मग माझ्याकडून पैसे घेऊन सरकार दुसरीकडे कुठे तरी रोजगार देतं, यात मिळवलं काय?

उत्तर : स्वतःच्या खिशातून पगार मी दिलेला नाही, पण वाटला आहे. बाविसाव्या वर्षापासून सहा वर्षं मी एका बांधकाम कंत्राटदाराकडे हिशेबनीस होते. दर शनिवारी पगाराची पेटी घेऊन साइटवर जायचे. मुकादम नाव पुकारायचा, माणूस पुढे यायचा, मी पैसे मोजून द्यायचे आणि हजेरीपटावर अंगठा घ्यायचे. पेटीत पैसे कमी असलेले शनिवारही मी पाहिले आहेत. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ‘पाणीयोजनांच्या ऑर्डरी’ या दोन शब्दांपाशी अडले. पाणीयोजनांचा पैसा येतो कुठून? करांतून, नाहीतर पुढे करांतून फेडायच्या कर्जातून. म्हणजे तुमच्या एकाच हजेरीपटावर दोन नोंदी आहेत. कर वाढल्यावर न भरलेली एक जागा आणि कराच्या पैशातून निघालेल्या कामामुळे आलेले चौघे. त्या टर्नरचं रिकामं लेथ यंत्र रोज डोळ्यांत खुपतं. ते चौघे मात्र आता तुमचेच झालेत, ते कशामुळे आले हे मनातून गेलं. यात तुमची चूक नाही, सगळ्यांचं असंच होतं. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरायला हवेत.

आता त्या टर्नरविषयी. तुमचा कोणता कर वाढला ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं उत्तर त्यावरच आहे. नफ्यावरचा कर असेल तर तो पगार वजा करून उरलेल्यावर बसतो. समजा, त्या टर्नरवर तुमचे १०० रुपये खर्च होतात आणि त्याच्या कामातून कच्चा माल वगैरे जाऊन १३० सुटतात. उरले ३०. कर २५ टक्के असेल तर हातात साडेबावीस, ३५ टक्के केला तर साडेएकोणीस. कमी झाले हे खरं, पण माणूस ठेवणं अजूनही फायद्याचंच आहे. तरीही जागा भरली नसेल, तर १३० सुटतील याचीच खात्री उरलेली नाही. म्हणजे ऑर्डरी आटल्यात किंवा आटतील अशी धास्ती आहे.

किंवा दुसरं कारण असेल, आणि तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. कराचा हप्ता ठरल्या तारखेला भरावाच लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे मात्र चार-चार महिने येत नाहीत. कागदावर नफा आणि बँकेत खडखडाट. अशा वेळी वाढलेला कर नफ्यातून जात नाही, तो खेळत्या भांडवलातून जातो. मोठी कंपनी बँकेकडून ओढून घेते. छोट्याला ते जमत नाही, म्हणून तो माणूस घ्यायचं लांबवतो. नवं लेथ घ्यायचं असेल तरीही नफ्यावरचा कर टोचतो. किती टोचतो, हे यंत्रावरचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी धरायची किंमत, नफ्यातून किती लवकर वजा करू देतात यावर ठरतं. पहिल्याच वर्षी सगळी किंमत वजा करू दिली, तर कराचा दर जास्त असूनही यंत्र घेण्याचा उत्साह फारसा मावळत नाही.

कर पगारावरच बसत असेल, म्हणजे माणूस घेतला की मालकाने सरकारी निधीत अमुक टक्के भरायचेच असं असेल, तर गोष्ट वेगळी. तो कर थेट माणूस ठेवण्याची किंमत वाढवतो. जर्मनीने १ जानेवारी २००७ ला वस्तूंवरचा मूल्यवर्धित कर १६ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर नेला आणि त्याच दिवशी पगारावरचं बेकारी विम्याचं अंशदान साडेसहा टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आणलं. खरेदी महाग झाली आणि माणूस ठेवणं स्वस्त झालं. त्या वर्षी तिथली बेकारी कमी झाली. तेव्हा निर्यात जोरात होती आणि कामगार कायदेही आधी बदललेले होते, तेव्हा सगळं श्रेय या अदलाबदलीला देणार नाही. पण एवढी मोठी करवाढ होऊनही रोजगार कोसळला नाही, एवढं त्यावरून दिसतं.

याच्या उलट जपान. तिथे खरेदीवरचा कर एप्रिल १९९७ मध्ये ३ वरून ५ टक्के झाला, एप्रिल २०१४ मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १०. २०१४ साली लोकांनी मार्चअखेरपर्यंत घाईघाईने खरेदी उरकून घेतली आणि एप्रिलपासून दुकानं ओस पडली. त्या तिमाहीत अर्थव्यवस्था बरीच आकसली आणि पुढची वाढ सरकारने दोनदा पुढे ढकलली. मागणी आधीच मलूल असलेल्या देशात खरेदीवरचा कर वाढवला की असं होतं.

तुमच्या कारखान्यासाठी माझं म्हणणं असं : कराच्या दरापेक्षा पाणीयोजनेची देयकं वेळेवर निघतात का, यावर तुमच्या टर्नरची जागा जास्त अवलंबून आहे. पुन्हा लिहाल तेव्हा कोणता कर वाढला आणि गेल्या वर्षीची किती देयकं थकली आहेत, या दोन गोष्टी जरूर कळवा. थकबाकी मोठी असेल तर माझं उत्तर आणखी कडक होईल, आणि ते तुमच्याविरुद्ध नसेल.

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारने एकाच्या खिशातून १०० रुपये काढून दुसऱ्याला दिले तर एकूण बेरीज तेवढीच राहते. मग वाढ कुठून होते? सरांनी ‘गुणक’ म्हणून सूत्र लिहून दिलं, पण पटलं नाही.

उत्तर : सूत्र बाजूला ठेव, पाटी घे. सरकारने खर्च केलेल्या एका रुपयामागे एकूण उत्पन्न किती रुपयांनी वाढतं, तो आकडा म्हणजे गुणक.

माझ्याकडून कर म्हणून १०० गेले. मी माझा खर्च पुऱ्या १०० ने कमी करत नाही. समजा ८० ने केला, २० बचतीतून गेले. सरकारने त्या १०० चं काम विकत घेतलं. बाजारात एकीकडे ८० ची मागणी घटली, दुसरीकडे १०० ची वाढली. फरक २०. हे २० ज्यांच्या हातात पडले ते त्यांतले १६ खर्च करणार, पुढचे लोक त्यांतले १२.८०, असं चालत राहतं. सगळी बेरीज केलीस तर १०० येते. करून बघ. नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ ट्रिग्वे हावेल्मो यांनी १९४५ साली हे नीट मांडलं आणि पुढे १९८९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, ते मात्र दुसऱ्या कामासाठी. सरकार एक पैसा कर्ज न काढताही, नुसता कर घेऊन आणि तेवढाच खर्च करून उत्पन्न वाढवू शकतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वतः रात्री कंदिलाच्या उजेडात बेरीज पुन्हा मांडून पाहिली होती.

तुझ्या सरांनी अटी सांगितल्या असतील, नसतील तर मी सांगते. रिकामे हात हवेत, बंद यंत्रं हवीत. सगळे कामाला लागलेले असतील, तर सरकारने बोलावलेला गवंडी दुसऱ्याच्या घराचं काम सोडून येतो. नवं काम होत नाही, गवंड्याची मजुरी तेवढी वाढते. दुसरी अट, सरकारने जे विकत घेतलं ते देशातच बनलेलं हवं. परदेशातून यंत्र आणलं तर गुणक तिकडे चालतो. आणि तू ‘दिले’ असा शब्द वापरलास तो जपून वापर. नुसतं अनुदान वाटलं तर पहिल्या पायरीवर १०० ची मागणी वाढत नाही, घेणाऱ्याने जितकं खर्च केलं तितकीच वाढते. घेणारा फार गरीब असेल तर जवळजवळ पूर्ण, सुखवस्तू असेल तर बरीच कमी.

या अटी पुस्तकी वाटतात, म्हणून १९३७ ची अमेरिका सांगते. १९३३ मध्ये तिथे चारांतला एक माणूस बेकार होता. सरकारी कामं निघाली, १९३७ पर्यंत बेकारी सुमारे १४ टक्क्यांवर आली. आता संकट टळलं असं समजून रूझवेल्ट सरकारने खर्च आखडता घेतला. त्याच जानेवारीत सामाजिक सुरक्षेसाठी पगारांवरचा नवा कर सुरू झाला. आदल्या वर्षी माजी सैनिकांना मिळालेली एकरकमी भेट संपलेली होती आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना जास्त पैसा अडकवून ठेवायला लावलं होतं. सगळं एका वेळी. १९३८ मध्ये बेकारी पुन्हा सुमारे १९ टक्के झाली. वसंतात रूझवेल्ट यांनी खर्चाची थैली परत उघडली. कर वाईट होता असं मी म्हणणार नाही, म्हातारपणीचं निवृत्तिवेतन त्यातूनच उभं राहिलं. वेळ वाईट निवडली.

आणि दुसरी बाजू २०२१ ची. त्याच देशात मार्चमध्ये १.९ लाख कोटी डॉलरचा खर्च मंजूर झाला. बेकारी भराभर उतरली, वर्षभरात ४ टक्क्यांच्या आसपास आली. पण हात भरले आणि मालाचा पुरवठा तुटलेलाच होता, त्यात युक्रेनचं युद्ध आलं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली. नोकरी मिळालेल्याला तो खर्च वरदान वाटला आणि जुनाच पगार असलेल्याला शाप. दोघांचंही खरं होतं.

गुणक किती, असं परीक्षेत विचारलं तर एक आकडा लिहू नकोस. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही ही चूक केली होती. युरोपातल्या देशांना खर्च कापायला सांगताना त्यांनी तो सुमारे अर्धा धरला होता. निधीचेच प्रमुख अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार आणि त्यांचे सहकारी डॅनियल ली यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये हिशेब तपासला, तेव्हा तो ०.९ ते १.७ निघाला. म्हणजे खर्च कापल्याने होणारं नुकसान अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट ते तिपटीहून जास्त. ग्रीसमध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली ती याच काळात. एका आकड्याची चूक, आणि त्यापायी किती घरांत चूल मंदावली असेल, हे मनात येऊन अजून अस्वस्थ व्हायला होतं.

प्रश्न : सरकारी खर्च म्हणजे ठेकेदारांचं कुरण. शंभरातले पन्नास मधल्यामध्ये जिरतात. तुम्ही त्याला ‘रोजगार’ म्हणता, हे वाचून वाईट वाटलं.

उत्तर : मधल्यामध्ये जिरतात, हे मी नाकारणार नाही. चोरलेला रुपयाही कुठे तरी खर्च होतोच, असं काही जण बचाव म्हणून सांगतात. मला तो युक्तिवाद चीड आणतो. रुपया खर्च होत असेल, पण पूल होत नाही. आणि पुढची तीस वर्षं त्या पुलावरून जे येणं-जाणं झालं असतं, त्यावर जी कामं उभी राहिली असती, ती चोरीला जातात.

पण चोरीइतकाच रोजगार खाणारा एक प्रकार आहे, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो मी समोर पाहिला.

मी हिशेबनीस होते तिथे नदीवर पूल चालला होता. सात खांब. चार उभे राहिले होते, पाचव्याची सळई बांधून झाली होती, दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं. हजेरीपटावर १४० नावं. त्या वर्षी सरकारची वसुली कमी झाली होती, म्हणून चालू कामांचे पैसे थांबवले. मोजमाप वहीत नोंदी झालेल्या, सह्या झालेल्या, देयक पास झालेलं, पण पैसा नाही. आमच्या मालकांनी सहा आठवडे पदरचे घालून मजुरी दिली. सातव्या शनिवारी त्यांनी मला हजेरीपटावर आडवी रेघ मारायला सांगितली.

सळई बांधणारी टोळी बारा जणांची होती. त्यांचा म्होरक्या पन्नाशीचा होता, त्याच्या पकडीला सुतळी गुंडाळलेली असायची, हात घसरू नये म्हणून. त्याने अंगठा दिला आणि विचारलं, “बाई, परत कधी?” मी म्हटलं, “कळवू.” कळवणार कुठे? त्याचा पत्ताच माझ्याकडे नव्हता. हजेरीपटात नाव, वय आणि दर एवढेच रकाने होते.

पैसे अकरा महिन्यांनी आले. पाचव्या खांबावर सळयांचं ते जंगल तसंच उभं होतं, पावसाळा खाऊन तांबडंलाल झालेलं. चार मजूर तीन आठवडे तारेच्या ब्रशने गंज खरवडत होते. वरच्या काही सळया कापून नव्या जोडाव्या लागल्या. ती टोळी कुठे गेली होती कुणास ठाऊक, नवी टोळी आली, तिला आमच्या इंजिनिअरचा हात माहीत नव्हता. चौथा खांब पाच आठवड्यांत झाला होता, पाचव्याला नऊ लागले. पोलाद आणि सिमेंट दोन्ही महागलं होतं. शेवटी सरकारने मूळ अंदाजापेक्षा किती तरी जास्त पैसे मोजले, आणि १४० माणसांची जवळजवळ वर्षाची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्या साली कुठल्या तरी कागदावर याची ‘बचत’ म्हणून नोंद झाली असणार.

करवसुली घटली की चालू कामं थांबवायची, हा मार्ग सगळ्या सरकारांना सोपा वाटतो. पगार आणि व्याज थांबवता येत नाही, काँक्रीट थांबवता येतं. म्हणून मंदीत पहिला घाव रस्ते, पूल, कालवे यांच्यावर पडतो, आणि नेमकी तीच कामं मंदीत हवी असतात. एखाद्या वर्षी चार रुपये कर जास्त घ्यावा लागला किंवा थोडं कर्ज काढावं लागलं तरी चालेल, पण निम्म्यावर आलेलं काम थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. नवं काम लांबवा, चालू असलेलं पुरं करा.

तुम्ही जमाखर्च तपासायला मागा, निविदा उघड करायला लावा, मोजमाप वही लोकांना बघू द्या म्हणा. मी तुमच्यासोबत आहे. पण कुरण आहे म्हणून खर्चच बंद करा, असं म्हणालात तर पहिली रेघ त्या बारा जणांच्या नावावर पडते. कुरणात चरणारा आपली सोय आधीच करून बसलेला असतो.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा कर कमी करा. लोक स्वतःच गुंतवणूक करतील, रोजगार आपोआप वाढेल. हे तुम्हाला का पटत नाही?

उत्तर : काही वेळा पटतं. आपल्याच देशात १९७३-७४ साली सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासकट ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. वरच्या टप्प्यातल्या दर शंभरांतून सव्वादोन रुपये हातात. असा कर कुणी प्रामाणिकपणे भरावा ही अपेक्षाच चुकीची होती, आणि पुढच्याच वर्षी तो ७७ टक्क्यांवर आणला हे योग्य झालं.

पण ३० चे २२ करणं म्हणजे ९७ चे ७७ करणं नव्हे. २० सप्टेंबर २०१९ ला आपल्याकडे कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ वर. सरकारने १.४५ लाख कोटींचं उत्पन्न सोडलं. रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या वार्षिक अहवालात नोंदवलं की कंपन्यांनी वाचलेला पैसा कर्जफेडीला आणि गंगाजळी वाढवायला वापरला, नव्या कारखान्यांना नाही. मी कंपन्यांना दोष देणार नाही. आहेत तीच यंत्रं अर्धा दिवस बंद असताना नवं यंत्र कोण घेईल?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने २०१२ साली प्राप्तिकर मोठ्या प्रमाणात कापला, कित्येक धंद्यांच्या नफ्यावरचा तर पूर्णच काढून टाकला. आश्वासन दिलेली भरभराट आली नाही, तिजोरी आटली, शाळांच्या पैशांवर गदा आली. २०१७ मध्ये राज्यपालांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार मोडून काढून कर पुन्हा वाढवले.

आणि ब्रिटनचंही बघा. २३ सप्टेंबर २०२२ ला तिथल्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसा कुठून येणार ते सांगितलं नाही. सरकारी रोख्यांवरचे व्याजदर उसळले, पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला धावावं लागलं, घरकर्जं महागली. २० ऑक्टोबरला पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. कर कमी करणं हाही एक खर्चच असतो, तो उधारीवर केला तर सावकार व्याज विचारतोच.

उलट बाजूचं एक उदाहरण देते आणि थांबते. १९९३ साली अमेरिकेत क्लिंटन सरकारने वरच्या उत्पन्नावरचा कर ३१ वरून ३९.६ टक्क्यांवर नेला. सिनेटमध्ये मतं समसमान पडली, उपाध्यक्षांच्या निर्णायक मतावर ते मंजूर झालं. रोजगार बुडेल असं विरोधक सांगत होते. पुढच्या काही वर्षांत तिथे दोन कोटींहून जास्त नोकऱ्या वाढल्या आणि अंदाजपत्रक शिलकीत आलं. कर वाढवल्यामुळे नोकऱ्या वाढल्या असं मी मुळीच म्हणत नाही, संगणक आणि इंटरनेटची लाट होती. पण कर वाढला म्हणून ती लाट अडली नाही, हे नक्की.

प्रश्न : माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत ३००. प्राप्तिकर वेगळाच. हा कर कशासाठी सुरू झाला? ऑफिसात कुणालाच सांगता आलं नाही.

उत्तर : वर्षाचे २,५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ ने यापेक्षा जास्त घ्यायला मनाई केली आहे.

हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगारासाठीच. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं आता थोडी उरली आहेत. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक सरकारी कामांवर होते, खडी फोडत होते, पाझर तलाव खणत होते. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची, आणि तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला झाला होता. दुष्काळ सरल्यावर प्रश्न आला की कायमची हमी द्यायची तर दर वर्षी पैसा आणायचा कुठून? तेव्हा ठरलं की ज्यांना नियमित पगार आहे त्यांच्याकडून थोडा-थोडा घ्यायचा आणि सरकारने आपल्याकडून तेवढीच भर घालायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ साली देशाने केलेल्या कायद्यामागे हाच अनुभव होता.

सगळं सुरळीत झालं नाही. जमलेला सगळा पैसा त्या-त्या वर्षी कामांवर गेला नाही ही टीका झाली, आणि ती रास्त होती. खोट्या हजेऱ्याही लागल्या. पण पावसाने दगा दिलेल्या वर्षी गाव सोडून न जाता काम मागता येईल आणि ते द्यावंच लागेल, हे कायद्यात लिहिणारं हे पहिलं राज्य होतं, आणि त्याचा खर्च शहरातल्या कारकुनापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी वाटून घेतला होता.

तुमच्या पगारपत्रकावर त्याची आठवण म्हणून ‘पी.टी.’ एवढी दोन अक्षरं आहेत. ऑफिसात पुन्हा कुणी विचारलं तर त्यांना विसापूरचं नाव सांगा.